खाडीकाठच्या विहिरीतलं गोडं पाणी

निकमबाई,

परवा तुमच्या शोकसभेत तुमच्याविषयी एक चुकीची गोष्ट सांगितली गेली आणि मी खुर्चीत गप्प बसून राहिलो. मोठे साहेब बोलायला उभे होते. चांगलं बोलले. तुमची शिस्त, तुमचा काटेकोरपणा, प्रयोगशाळेच्या दारात सगळ्यांना चपला काढायला लावायचा तुमचा हट्ट, सगळं आलं. मग जरा हसून म्हणाले, "एवढ्या वर्षांच्या नोकरीत बाईंच्या हातून एकच चूक झाली, बाटल्यांच्या अदलाबदलीची. तेवढी तर कुणाच्याही हातून होते." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली असेन, नक्की आठवत नाही.

ती चूक तुमची नव्हती, बाई. माझी होती. हे तुम्हाला सांगायला मला चार वर्षं मिळाली. आपली टेबलं समोरासमोर, मध्ये फक्त तुमचा पानांचा डबा आणि माझा फ्लॉप्यांचा खोका. तरी सांगितलं नाही. आता कार्यालयाच्या अंकासाठी तुमच्यावर दोन पानं लिहायला मला सांगितलंय, कारण तुमच्या हाताखाली सगळ्यांत जास्त दिवस मीच काढले. दोन पानांत मावलं नाही तर संपादकांनी हवं ते कापावं. चूक कोणाची होती, तेवढं मात्र ठेवावं.

मी आलो तेव्हाचा माझा रुबाब तुम्ही पाहिलेला आहे. एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्स, शिरवणे गावच्या म्हात्र्यांमधला एवढा शिकलेला पहिलाच, आणि कॉम्प्युटर चालवता येतो म्हणून मुद्दाम घेतलेला. कॉम्प्युटरच्या खोलीला एसी होता. त्या खोलीत बसायचं या आनंदात मी नवा शर्ट शिवून आलो, आणि तुम्ही पहिले आठ दिवस मला बाटल्या धुवायला लावलंत. घरी आई रोज विचारायची, आज कॉम्प्युटरवर काय केलंस, आणि मी रोज काहीतरी थाप मारायचो. नवव्या दिवशी तुम्ही मला ब्युरेटसमोर, त्या थेंब मोजून सोडणाऱ्या काचेच्या नळीसमोर, उभं केलंत. पिवळं पाणी, वरून पडणारे थेंब, आणि एका थेंबाला ते सगळं विटकरी होतं. किती थेंब लागले त्यावरून पाण्यात मीठ किती ते कळतं. मी दोनदा थेंब जास्त सोडले, तुम्ही दोनदा ओतून टाकायला लावलंत. "आरं म्हात्रे, आकडा कुठनं येतो ते आधी हाताला कळू दे," म्हणालात. तुमच्या बोलण्यात साताऱ्याकडचा माण तालुका असा मधूनच डोकावायचा. वडील बाजारात पोती उचलायला आले म्हणून तुम्ही इकडच्या झालात, पण रागावलात की थेट गावाला जायचात.

अंक वाचणाऱ्या नव्या लोकांसाठी आपलं काम काय होतं ते सांगतो. तुम्ही हसाल, पण मला ते सोपं करून सांगायला तुम्हीच शिकवलंत. जमिनीखाली उतरून कोणी पाहत नाही. काळ्या खडकाच्या भेगांमधून पाणी कुठून कुठे जातं, कोणती विहीर कोणाच्या जिवावर भरते, हे वरून दिसत नाही. पण पाणी जिथून येतं तिथलं थोडं थोडं अंगाला लावून आणतं. डोंगराच्या पायथ्याशी नुकतंच मुरलेलं पाणी हलकं असतं, खडकात बरीच वर्षं राहिलेलं जड होतं, खाडीशी संबंध आला की त्यात मीठ उतरतं, कारखान्यांच्या पट्ट्याजवळचं आणखी काही घेऊन येतं. प्रत्येक विहिरीचे असे आठ-दहा आकडे तुम्ही काढायचात. नुसत्या डोळ्यांनी त्या ढिगातून काही समजत नाही. तिथे माझं काम सुरू व्हायचं. कोणत्या दोन विहिरींचे सगळे आकडे एकमेकींच्या जवळ आहेत ते कॉम्प्युटर शोधायचा, त्यांची जोडी लावायचा, मग जोड्यांचे गट, गटांचे मोठे गट, आणि शेवटी फांद्यांचं एक झाड छापून द्यायचा. पुस्तकात त्याला भारी नाव आहे. तुम्ही त्याला वंशावळ म्हणायचात. कडेला भोकं असलेला तो लांबलचक कागद आपण फरशीवर पसरायचो, तुम्ही चष्मा कपाळावर चढवून मांडी घालायचात आणि म्हणायचात, "हं, सांग आता, कोण कुणाच्या घरातलं?"

आमच्या शिरवण्याच्या आळीतली विहीर अशीच एकदा भलत्या गटात सापडली. तिचे आकडे पट्ट्याच्या पलीकडच्या एका विहिरीशी जुळत होते, मध्ये चांगलं मैलभर अंतर. मी म्हटलं योगायोग आहे. तुम्ही नकाशा काढलात, पट्टी ठेवून दोन विहिरींमधून पेन्सिलीची रेघ मारलीत, आणि त्या रेघेवरच्या आणखी तीन विहिरी मला तपासायला लावल्यात. तिन्ही त्याच घरातल्या निघाल्या. खाली खडकात एक लांब भेग होती. पुढच्या उन्हाळ्यात पलीकडे मोठा पंप बसला आणि आमच्या विहिरीचं पाणी उतरलं, तेव्हा आळीतले सगळे चक्रावले, मी सोडून. ज्या विहिरीत मी पोहायला शिकलो तिचे नातेवाईक कोण ते मला साताऱ्याकडच्या बाईंनी सांगितलं. त्या दिवसापासून मी तुमच्यावर फिदा होतो, बाई. तोंडावर कधी म्हणालो नाही, कारण तुम्ही मला पुन्हा बाटल्या धुवायला पाठवलं असतंत.

आता त्या पाड्याचं सांगतो.

दिवाळे गावाच्या पुढे, खाडीला टेकलेली, आमच्याच आगरी लोकांची थोडी घरं. पाड्याला एक विहीर. तिचं पाणी पिण्याजोगं असेल तर पाड्याला नळ द्यायची गरज नाही, खारं असेल तर पाइप टाकायचा, असं वरून ठरलेलं, आणि ते आपल्या अहवालावर अवलंबून होतं. नमुना घ्यायला मी गेलो, भर उन्हाळ्यातला दुपारचा बाराचा सुमार. तिथे माझ्या थोरल्या वहिनीची मावशी दिलेली आहे, हिरामावशी. तिने मला लांबूनच ओळखलं. सोयऱ्यांचा मुलगा साहेब होऊन आला म्हणून तिला कोण आनंद. ओटीवर बसवलं, पंखा लावला, चहा टाकला, घरी न्यायला सुकटीचं पुडकं बांधायला घेतलं. मी म्हटलं, विहिरीचं पाणी भरायचंय. तिने माझ्या हातातून बाटली घेतली आणि म्हणाली, तू बस, मी देते भरून.

तुमचे नियम मला पाठ होते. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, पोहरा आपल्या हाताने सोडायचा, तापमान तिथेच बघायचं, बाटली काठोकाठ भरायची. मी ओटीवर बसून चहा प्यायलो. मावशी घराच्या मागे गेली आणि माझा चहा निवायच्या आत भरलेली बाटली घेऊन आली. विहीर घराच्या पुढे होती. हे मला तेव्हाच दिसलं होतं, पण ऊन फार होतं, आणि मला अजून दोन विहिरी करायच्या होत्या. "पानी चांगला हाय," मावशी म्हणाली. मी अंदाजाने तापमान लिहिलं, खाली 'समक्ष घेतला' लिहून सही केली.

मागे तिच्या मोरीत कळशी होती. डोंगराच्या पायथ्याच्या विहिरीवरून पाऊण तास चालून डोक्यावरून आणलेली. घरी आलेल्या माणसाला, त्यातून सोयऱ्याला, खारं पाणी कसं द्यायचं? माझी आईसुद्धा हेच करेल. आगऱ्याच्या घरात जन्मलो, वाढलो, आणि एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही, कारण त्या दिवशी मी साहेब होतो.

तुम्ही नमुना तपासलात. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे धनभार आणि ऋणभार सारखे भरायला हवेत; हा तोल तुम्ही प्रत्येक बाटलीचा बघायचात, तो जमला नाही की सगळं पुन्हा. या बाटलीचा तोल उत्तम जमला. का नाही जमणार, पाणी खरंच होतं, फक्त त्या विहिरीचं नव्हतं. मी आकडे घातले, झाड छापलं, आणि खाडीकाठची ती विहीर डोंगरपायथ्याच्या विहिरीच्या शेजारी जाऊन बसली, अगदी चिकटून. मला घबाड मिळाल्यासारखं झालं. डोंगरातलं गोडं पाणी खडकातल्या वाटेने थेट खाडीपर्यंत येतंय, असा सिद्धान्त मी मांडला. आठ पानं लिहिली, नकाशावर बाण काढले. मसुद्यावर पहिल्यांदाच माझं नाव आधी होतं. मोठ्या साहेबांनी पाठ थोपटली. प्रती वाटूनही झाल्या.

तुम्ही मसुदा दोनदा वाचलात आणि शुक्रवारी संध्याकाळी मला बोलावलंत. पाड्याच्या नळाची बैठक मंगळवारी होती. झाडाच्या त्या दोन फांद्यांवर बोट ठेवून म्हणालात, "सख्ख्या बहिणीसुद्धा इतक्या सारख्या नसतात, म्हात्रे. हे पाणी एवढ्या लांबून खडकातनं चालत आलं, तर येताना रिकाम्या हातानं कसं आलं?" मी बरंच काही बोललो. भेग मोठी असेल, वेग जास्त असेल, पुस्तकात असं एक उदाहरण आहे. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एवढंच विचारलंत, "पाणी तू ओढलंस ना?"

त्या क्षणी मला कळशी दिसली. आधी कधी दिसली नव्हती, पण तेव्हा लख्ख दिसली.

"हो बाई, मीच," मी म्हणालो.

रविवारी तुम्ही एकट्या पाड्यावर जाऊन आलात. सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर चिठ्ठी होती, नवे आकडे, तुमच्या टपोऱ्या अक्षरात. मीठ इतकं की त्यात डाळ शिजली नसती. वर तोंडी म्हणालात, जुने काढ, हे घाल, झाड परत छाप. बास. मी छापलं. विहीर निमूटपणे खाडीच्या गटात जाऊन बसली. माझी आठ पानं मी घडी करून खणात ठेवली.

मंगळवारच्या बैठकीत एका साहेबांनी दोन्ही मसुदे शेजारी ठेवून विचारलं की आठ दिवसांत गोड विहीर खारी कशी झाली. खोलीत सगळे आपल्या दोघांकडे बघायला लागले. मला तेव्हाच बोलता आलं असतं. मी फाइलची दोरी सोडली आणि बांधली. तुम्ही उभ्या राहिलात, पदर नीट केलात आणि म्हणालात, "माझ्या प्रयोगशाळेत बाटल्या बदलल्या गेल्या. चूक माझी आहे, म्हात्र्यांची नाही." मला कायम एकेरी बोलणाऱ्या तुम्ही, 'म्हात्र्यांची' असं मान देऊन त्या दिवशी पहिल्यांदा बोललात.

त्याची किंमत तुम्ही मोजलीत, हे मला माहीत आहे. राज्यभरच्या विहिरींची पाहणी सुरू होणार होती आणि ती तुमच्याकडे येणार हे सगळे धरून चालले होते. त्यात माण तालुका होता. तुमच्या कपाटाच्या दाराला आतून माणचा नकाशा लावलेला होता, त्यावर लाल पेन्सिलीने विहिरी, आणि त्यातल्या काहींना तुम्ही बायकांची नावं दिलेली, बहुधा तिथे पाण्याला जाणाऱ्या. बैठकीनंतर ती पाहणी दुसऱ्या कोणाकडे गेली. एक दिवस तुम्ही कपाट उघडलंत तेव्हा आतून नकाशा नव्हता. मी विचारलं नाही, आणि ब्युरेट चालू राहिली.

पाड्याला नळ आला. ज्या दिवशी आला त्या दिवशी तुम्हाला बोलावणं होतं. तुम्ही म्हणालात, मला तेरा नमुने संपवायचेत, नळाला काय बघायचंय, त्यातनं पाणीच येणार.

त्याच महिन्यात तुम्ही नमुन्याच्या तक्त्यात एक रकाना वाढवलात: पाणी कोणी ओढलं? सगळ्यांनी नाकं मुरडली. एक रकाना म्हणजे परत तक्ते छापा, परत सह्या. बाईंचं काहीतरीच असतं, असं मीही इतरांबरोबर म्हणालो. आणि पुढची चार वर्षं प्रत्येक विहिरीवर त्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. खरं नाव, बाई. उन्हात, पावसात, चिखलात, कुठेही चहा मिळाला तरी आधी पोहरा आणि मग चहा. ऐरोलीच्या पुलाचं काम चाललंय तिथल्या विहिरीत तर मी एकदा चष्मा पाडला, पण बाटली माझ्याच हाताने भरली. तुम्हाला हे दिसत होतं की नाही मला कळायचं नाही. तुम्ही तक्ता बघायचात आणि पुढचा घ्यायचात.

एक वाद मात्र आपला राहून गेला आणि तो तुम्ही मेलात म्हणून मी सोडणार नाही. मी म्हणायचो, शंभर विहिरींत एक आकडा वेडावाकडा आला तर तो बाजूला काढण्याच्या रीती आहेत, जगभर लोक वापरतात, प्रत्येक विहिरीवर कोण चालत जाणार. तुम्ही म्हणायचात, काढायच्या आधी त्या विहिरीच्या घरी जाऊन ये. मी म्हणायचो, उद्या हजारो विहिरी होतील, मशीनच सगळं करील, तेव्हा काय कराल. तुम्ही म्हणायचात, मग विहिरी कमी घे. यावर मी चिडायचो आणि तुम्ही पानाला चुना लावायला घ्यायचात. मला अजूनही वाटतं की माझं बरोबर आहे. हजारो विहिरींच्या दारात जाणं जमणार नाही, शतक संपत आलंय, कामं वाढतायत. पण एखादा आकडा बाजूला काढताना माझा हात आता अडखळतो, आणि तो तुम्ही अडखळवून ठेवलाय. याबद्दल तुमच्यावर रागवावं की पाया पडावं हे मला ठरवता येत नाही.

मी तुम्हाला का सांगितलं नाही, याचं उत्तर सोपं आहे. आधी भीती वाटली, मग लाज, आणि मग इतके दिवस झाले की आता सांगून काय, असं वाटायला लागलं. मला बढती मिळाली तेव्हा पेढे आधी तुमच्या टेबलावर ठेवले. तुम्ही अर्धा मोडून घेतलात, चांगलं काम करतोस, म्हणालात. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी दुसरा पेढा पुढे केला.

काल मी पाड्यावर गेलो. तुम्ही गेल्याचं हिरामावशीला सांगायला हवं असं वाटलं, कारण ती बाटली कोणी भरली हे माझ्याखेरीज तिलाच माहीत होतं. निदान मी तसं समजत होतो. मावशी ऐकून ओटीवर बसली, डोळ्याला पदर लावला. मला वाटलं, एकदा येऊन गेलेल्या बाईसाठी ही एवढी का रडतेय. मग ती सांगायला लागली.

त्या रविवारी तुम्ही छत्री घेऊन आलात, आपली दोरी आपला पोहरा, विहिरीवर उभं राहून तीनदा बाटली विसळलीत. मग ओटीवर येऊन मावशीला विचारलंत, मागच्या वेळी पाणी कोणी भरलं होतं. मावशीने अभिमानाने सांगितलं. "सोयऱ्याचा पोर उन्हातून आयलेला, त्याला खारा पानी कसा देनार? कलशीतला दिला." तुमचा चेहरा बघून तिला शंका आली, आपलं काही चुकलं काय. तुम्ही तिला म्हणालात, बरोबरच केलंत, दारी आलेल्याला चांगलंच पाणी द्यायचं. मावशी घाबरली होती की पोराची नोकरी जाईल. मी तिला विचारलं, मग बाई काय म्हणाल्या.

"बोलली, त्याला काय सांगू नका मी इचारलेला. तो सोता सांगल मना."

मावशीचं संपलं नव्हतं. विहिरीचं पाणी बघायला तुम्ही दर वर्षी उन्हाळ्यात येत होतात म्हणे, एकट्याच. मला हे माहीत नव्हतं. पाण्याचं झालं की ओटीवर बसायचात, मावशीच्या हातचा चहा घ्यायचात.

"दर टायमाला मी इचारायची, सांगितला क त्यानी? ती हसायची न बोलायची, सांगल." मावशीने डोळे पुसले. "औंदा पन तेच बोलली."

औंदा म्हणजे दोन महिन्यांपूर्वी. त्या दिवशी तुम्ही दुपारी कार्यालयात परत आलात, पंख्याखाली बसलात आणि मला विचारलंत, काय म्हात्रे, काही विशेष? मी म्हटलं, नाही बाई, विशेष काही नाही.

हा लेख छापायला देण्याआधी उद्या सकाळी मी मोठ्या साहेबांच्या हातात स्वतः देणार आहे. त्यांचं वाचून होईपर्यंत समोर उभा राहणार आहे. पुढे जे होईल ते होईल.

बाई, ते पाणी मी ओढलं नव्हतं.

दिलीप म्हात्रे